होरीनं पावती मागितली नाही

मंडळी, आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. घरातली ती पत्र्याची पेटी नाहीतर कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढा. सातबारा, सोसायटीचं पासबुक, आधारची झेरॉक्स आणि पोरांचे दाखले जिच्यात एकत्र कोंबलेले असतात, तीच. गेल्या वर्षभरात तुम्ही ज्यांना ज्यांना पैसे दिलेत, त्यांतल्या किती जणांची पावती तिच्यात सापडते ते बघा. बँकेची सापडेल. सोसायटीची सापडेल. कृषी सेवा केंद्राचं एखादं बिल सापडेल, तेही घडी पडून अक्षर उडालेलं. पण लेकीच्या लग्नात ज्यांच्याकडून पन्नास हजार आणले आणि ज्यांना दर महिन्याला व्याज पोचवता, त्यांची? ती नाही सापडणार. कारण ती तुम्ही मागितलेलीच नाही. आणि का मागितली नाही, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, "कसं मागायचं हो? ते काय म्हणतील?"

ह्या "ते काय म्हणतील" वर एक आख्खी कादंबरी उभी आहे. नाव 'गोदान'. लेखक मुन्शी प्रेमचंद. शाळेत हिंदीच्या पुस्तकात त्यांची एखादी गोष्ट तुम्ही वाचली असेल. बनारसजवळच्या लमही गावात १८८० साली त्यांचा जन्म झाला. खरं नाव धनपतराय. आधी मास्तर, मग शाळाखात्यात साहेब, आणि १९२१ साली गांधीजींचं भाषण ऐकून सरकारी नोकरीचा राजीनामा. 'गोदान' १९३६ साली निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रेमचंद गेले. म्हणजे हे त्यांचं पुरं झालेलं शेवटचं मोठं पुस्तक.

तुम्ही म्हणाल, उत्तर प्रदेशातली, नव्वदेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथं जमीनदार होते, आपल्याकडं रयतवारी. आता तर जमीनदार तिथूनही गेले. कबूल. पण मी ती दुसऱ्यांदा वाचली तेव्हा शेजारी वहीत आकडे मांडत बसलो, आणि ते आकडे पाहून झोप उडाली. तेच तुमच्यापुढं मांडतो.

होरी महतो हा बेलारी गावचा लहान शेतकरी. चाळिशीही ओलांडलेली नाही, पण चेहरा म्हाताऱ्याचा. बायको धनिया, मुलगा गोबर, मुली सोना आणि रूपा. आणखी तीन पोरं होती, ती लहानपणीच गेली. औषधाला पैसे असते तर वाचली असती, असं धनियाला मरेपर्यंत वाटत राहतं. होरीची इच्छा एकच. दारात एक गाय असावी. भोला नावाचा शेजारगावचा गवळी त्याला ऐंशी रुपयांची गाय उधारीवर देतो. गाय दारात येते, सगळं गाव बघायला जमतं, आणि थोड्याच दिवसांत होरीचा सख्खा भाऊ हीरा मत्सरानं तिला विष घालतो. गाय गेली. ऐंशी रुपयांचं देणं मात्र राहिलं. पुढं ह्याच देण्यापायी भोला होरीच्या गोठ्यातली बैलजोडी सोडून नेतो, आणि बैल गेले की शेतकऱ्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. होरी दुसऱ्याच्या शेतावर राबायला लागतो.

इथपर्यंत वाचून वाटतं की बिचाऱ्याचं नशीबच खोटं. मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. पण कादंबरीत पाऊस होरीला मारत नाही, रोग मारत नाही. त्याला मारतो तो न विचारलेला हिशेब.

तीस रुपयांचे दोनशे

गावात दातादीन नावाचे पंडित आहेत. पूजा सांगतात, व्याजबट्टाही करतात. त्यांनी कधीकाळी होरीला बैलासाठी तीस रुपये दिले होते. तिसाचे शंभर झाले आणि शंभराचे दोनशे. होरीला हे सगळं मान्य आहे! पण गोबर शहरात, लखनौला, राहून आलेला असतो. तो विचारतो, व्याज कुठल्या दरानं लावलं? आणि तो स्वतः हिशेब करतो: शेकडा एक रुपया महिना धरला तर तीस रुपयांचं वर्षाचं व्याज तीन रुपये साठ पैसे. दहा वर्षांचे छत्तीस. मुद्दल धरून सहासष्ट. घ्या सत्तर आणि विषय संपवा.

आता जरा थांबा, कारण गंमत इथंच आहे. शेकडा एक रुपया महिना म्हणजे वर्षाला बारा टक्के. आपल्या राज्यात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला आणि त्याखाली परवानाधारक सावकारासाठी व्याजाचे दर ठरवून दिले गेले. शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जाला वर्षाला ९ टक्के, विनातारण कर्जाला १२ टक्के. शेतकरी नसलेल्याला १५ आणि १८. म्हणजे शाळेची पायरी फारशी न चढलेल्या गोबरनं १९३६ साली जो दर न्याय्य म्हणून लावला, नेमका तोच दर आपल्या कायद्यानं शेतकऱ्यासाठी कमाल म्हणून लिहिला. शिवाय आपल्याकडं दामदुपटीचा जुना नियम आहे, तो ह्या कायद्यातही आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. त्या हिशेबानं दातादीनला तिसाचे फार तर साठ मिळाले असते. गोबर तर दहा रुपये जास्तच द्यायला निघाला होता!

मग काय झालं? दातादीन खवळले. ब्राह्मणाचा पैसा बुडवून सुखानं राहशील का, असं म्हणून उठून चालायला लागले. आणि होरी धावला. पाय धरले. तुमची पै न् पै फेडीन म्हणाला. पोरानं मिळवून दिलेला हिशेब बापानं स्वतःच्या हातानं पुसला.

गावाकडच्या 'टक्क्या'बद्दल एक सांगायला हवं. बँकेचा टक्का वर्षाचा असतो, गावातला महिन्याचा. "पाच टक्क्यानं दिले" म्हणजे वर्षाला साठ टक्के. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार. कायद्याच्या बारा टक्क्यानं त्याच रकमेचे वर्षाला सहा हजार होतात. हा फरक चोवीस हजारांचा आहे. दोन वर्षं नुसतं व्याज पोचवलंत की साठ हजार गेले, आणि मुद्दल पन्नास हजार जिथल्या तिथं उभं. हे गणित चौथीतलं आहे, पण ते वहीवर मांडल्याशिवाय अंगाला लागत नाही. शिवाय ज्याच्याकडं परवानाच नाही, तो बारा टक्क्यानं देवो की साठ टक्क्यानं, त्याचा धंदाच बेकायदा आहे.

'गोदान'मध्ये होळीचा एक प्रसंग आहे. गोबर आणि गावातली तरणी पोरं सोंगं काढतात. एकजण ठाकूर सावकार होतो, दुसरा कूळ. कूळ दहा रुपये कर्ज मागतं. कागद होतो दहाचा आणि हातावर पडतात पाच. कूळ चक्रावतं. सावकार समजावून सांगतो, एक रुपया नजराण्याचा, एक लिहिणावळीचा, एक कागदाचा, एक दस्तुरीचा, एक व्याजाचा, झाले की नाही दहा? मग ते कूळ उरलेले पाचही परत करतं. हा एक धाकट्या मालकीणबाईंच्या नजराण्याचा, हा थोरल्या बाईंच्या, हे दोघींच्या पानाचे, आणि हा शेवटचा मालकांच्या दिवसकार्याला! गाव लोटपोट हसतं. ज्यांची सोंगं काढली ती चार बडी मंडळी मात्र जळून खाक होतात.

हा प्रसंग वाचताना मला आपली बाजार समितीतली हिशोबपट्टी आठवली. कांद्याची गाडी घेऊन गेलात, पट्टी हातात आली, तर रकमेच्या खाली बारीक अक्षरांत काय काय वजा झालंय ते वाचता का तुम्ही? हमाली, तोलाई, वाराई. त्यातलं कुठलं शेतकऱ्यानं द्यायचं आणि कुठलं खरेदीदारानं, हे ठरलेलं असतं. फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची, शेतकऱ्याच्या पट्टीतून नव्हे. पट्टीतली एखादी रक्कम कळली नाही तर समितीच्या सचिवाकडं जाऊन विचारायचं. खत-बियाणांच्या दुकानात उधारीवर माल घेतला तरी बिल मागायचं. खताचं तर बिल दिल्याशिवाय विकताच येत नाही. बियाणं उगवलं नाही तर पंचनाम्याच्या वेळी पहिलं काय मागतात? बिलच. तेव्हा दुकानदार "माझ्याकडून नेलंच नाही" म्हणाला तर तुम्ही काय करणार?

पावतीवरून आठवलं. होरीनं नोखेरामला, म्हणजे जमीनदाराच्या कारकुनाला, खंडाची रक्कम पोचवलेली असते. पावती घेतलेली नसते. नोखेराम पुन्हा तीच बाकी मागतो! होरी हतबल. गोबर मात्र सरळ जाऊन दम देतो की चल कोर्टात, सगळं गाव शपथेवर सांगेल की तू पैसे घेतोस आणि पावती देत नाहीस. आणि नोखेराम नरमतो. एवढ्या जाडजूड कादंबरीत होरीच्या घरावरचं एखादं संकट नुसत्या शब्दानं टळतं ते बहुधा इथंच.

(जाता जाता सांगतो, हाच गोबर शहरात दोन पैसे जमल्यावर टांगेवाल्यांना व्याजानं पैसे देतो. प्रेमचंदांनी कुणालाच देव केलेलं नाही. म्हणून तर पुस्तक पटतं.)

चारचौघांतलं नाक

होरी गाढव नाही. त्याला सगळं कळतं. मग तो विचारत का नाही? प्रेमचंद त्यासाठी एक शब्द पुन्हा पुन्हा वापरतात, 'मरजाद'. आपण इभ्रत म्हणतो, अब्रू म्हणतो, चारचौघांतलं नाक म्हणतो. होरीच्या अंगावरचं कर्ज पाहिलं तर त्यातलं पोटासाठी किती आणि नाकासाठी किती, हे मी वहीत मांडलं होतं. नाकाची बाजू भरत गेली.

गाय मेल्यावर फौजदार येतो आणि हीराच्या घराची झडती घ्यायची म्हणतो. हीरानंच विष घातलंय, हे होरीला माहीत आहे. पण भावाच्या घरात पोलीस शिरले तर घराण्याची लाज जाईल! गावची बडी मंडळी मध्ये पडतात, तीस रुपयांत मिटवायचं ठरतं, आणि त्यात त्यांचाही वाटा असतो. होरी ते तीस रुपये कर्जानं काढतो. धनिया धावत येऊन भर चौकात ते रुपये हिसकते, नाणी जमिनीवर विखुरतात, आणि ती सगळ्यांना सुनावते की आमच्या घरात खायला दाणा नाही आणि हा कसला दंड भरायचा? पुढं मजा अशी होते की फौजदार त्या मध्यस्थांकडूनच पैसे काढून जातो.

मग झुनियाचं प्रकरण. भोलाची विधवा मुलगी झुनिया गोबरपासून गरोदर राहते. गोबर भिऊन पळून जातो. धनिया तिला घरात घेते. एवढंच तिचं पाप. गावचे पंच होरीला शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य दंड ठोठावतात. होरी रात्री डोक्यावरून धान्य वाहून पोचवतो आणि रोख रकमेसाठी राहतं घर झिंगुरीसिंहाकडं ऐंशी रुपयांत गहाण टाकतो. आणि दंड ठोठावणाऱ्यांत हेच दातादीन! त्यांचा स्वतःचा मुलगा मातादीन सिलिया नावाच्या चर्मकार समाजातल्या बाईला ठेवून राहतो, तिला शेतात राबवून घेतो. त्याला कुणी दंड करत नाही. प्रेमचंद ह्यावर भाषण देत नाहीत. दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवतात आणि पुढं जातात.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यासाठी हे पान मुद्दाम लिहितोय. (तुमच्यातल्या काहींच्या पदांची नावं कागदोपत्री बदलली, पण गाव अजून जुन्याच नावानं हाक मारतं.) महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचं संरक्षण करणारा कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पुढं होतं. जातपंचायतीनं कुणाला वाळीत टाकणं, दंड लावणं, लग्नकार्यात बोलावू नका म्हणणं हा गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा कायदा चालतो कधी? होरीसारखा माणूस तुमच्या दारात आला आणि तुम्ही त्याला "मिटवून घ्या" म्हणाला नाहीत तर. होरीच्या गावातही पदावरची माणसं होती. पटेश्वरी तर पटवारीच, म्हणजे तुमच्या तलाठ्याच्या जागचा. तो त्या चौघांतला एक होता.

आता लग्नाचं. इथं मला धनियाचाही राग येतो. सोनाचं लग्न ठरतं. सोना स्वतः हुशार पोर. माझ्या बापानं कर्ज काढलं तर मी हे लग्न करणार नाही, असा निरोप ती सासरी पोचवते. मुलाकडचे चांगले निघतात, हुंडा नको म्हणून कळवतात. सुटला की नाही प्रश्न? नाही. आता धनियाच म्हणते, ते मोठ्या मनाचे असले तरी आपण आपली रीत सोडायची का? आणि दोनशे रुपयांचं कर्ज होतंच. फौजदारापुढं न भिणारी बाई व्याह्यापुढं हरली.

आपल्याकडं काय वेगळं आहे, सांगा. साखरपुडा घरात उरकायचा ठरतो आणि मंगल कार्यालयात होतो. पाचशे पत्रिका ठरतात आणि हजार छापतात. माझ्याच घरातलं सांगतो. माझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी गावातल्या एका गृहस्थाकडून पैसे आणले. वडील शिकलेले, रोज पेपर वाचणारे. पण त्या गृहस्थानं वही पुढं केली तेव्हा त्यांनी वर काय लिहिलंय ते न वाचता सही केली. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "अरे, अडचणीला देवासारखा उभा राहिला. त्याच्यासमोर वाचत बसू?" ते कर्ज आम्ही सात वर्षं फेडलं. शेवटी वही मिळाली का, तर नाही. फाडून टाकली असं सांगण्यात आलं.

१८७५ साली आपल्याच मुलखातल्या शेतकऱ्यांना हे पक्कं कळलेलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी जो उठाव झाला आणि पुढं पुणे-नगरच्या गावागावांत पसरला, त्यात लोकांचा रोख होता सावकाराच्या कागदांवर. खतं द्या म्हणाले, आणि हाती लागली ती जाळली. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात सावकारानं पैसे मिळाल्याची पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, अशी तजवीज होती. म्हणजे पावती मागायचा हक्क इथल्या शेतकऱ्याला मिळून दीडशे वर्षं होत आली. वापरायचा मात्र राहून गेला.

गेटावर उभा असलेला माणूस

ऊसवाल्यांसाठी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. बेलारीजवळ खन्नासाहेबांचा साखर कारखाना निघतो. शेतकरी खूश, उसाचा पैसा रोख मिळणार. पण पैसे वाटायच्या ठिकाणी झिंगुरीसिंह आधीच हजर. होरीच्या उसाचे एकशेवीस झाले. झिंगुरीसिंहानं आपलं मुद्दल-व्याज कापून पंचवीस हातावर ठेवले. ते पंचवीस नोखेरामनं घेतले. होरी रिकाम्या हातानं घरी. गिरधर नावाच्या शेतकऱ्याचे तर सगळेच गेले; त्यानं एक आणा गालात लपवून ठेवला होता, त्याची ताडी प्यायला. त्या एका आण्यावर हसावं की रडावं ते कळत नाही.

आजचा ऊस उत्पादक एवढा उघडा नाही. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणं ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं, नाहीतर उशिराच्या काळाचं वर्षाला पंधरा टक्के व्याज. हे व्याज किती जणांनी लेखी मागितलंय, तो भाग वेगळा. सोसायटीची कपात बिलातून होते, ती तुम्ही लिहून दिलेली असते. पण बिल खात्यावर पडल्याचा मेसेज आला की दारात कोण कोण येऊन उभं राहतं, ते आठवा.

आणि आता दारात नवीन मंडळीही येतात. आठवड्याच्या हप्त्याची फायनान्सवाली. बायकांचा गट करायचा, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नवाजणींनी भरायचा, आणि तोवर कुणी उठायचं नाही. इथं होरीचं मरजाद आता आपल्या मायबहिणींच्या गळ्यात पडलंय. चारजणींत नाव जाऊ नये म्हणून एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जातो. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली ह्या छोट्या कर्जांना नियम घातलेत, ते घरातल्या बाईला वाचून दाखवा. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं कर्ज ह्यात येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. व्याज आणि आकार किती, ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं, कर्जाचं कार्ड द्यायचं. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, काही चालत नाही.

तुम्ही म्हणाल, लेखकमहाशय, पेपरात लिहिणं सोपं आहे. रात्री बारा वाजता पोराला घेऊन दवाखान्यात जायचं असतं तेव्हा बँक उघडी नसते. तो सावकारच उघडा असतो. त्याला पावती मागितली तर पुढच्या वेळी दार लावील. खरं आहे. ह्याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. सोसायटीकडून किंवा बँकेकडून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात शेतकऱ्याला व्याज पडत नाही, हे आपल्याला माहीत असतं. पण एकदा थकलं की ते दारही बंद होतं. आणि बँकेत गेल्यावर "उद्या या" ऐकून ऐकून चपला झिजलेला माणूस शेवटी गावातच वळतो, ह्यात त्याचा दोष मी कसा काढू?

पण जमिनीचं तेवढं डोळे उघडे ठेवून करा. तारण म्हणून साधं गहाणखत न करता सरळ खरेदीखत करून देतात, आणि "पैसे दिले की परत फिरवून देतो" असं तोंडी सांगतात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढतो. अशा व्यवहारासाठी २०१४ च्या कायद्यात कलम १८ आहे. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या जुन्या व्यवहारासाठीही जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडं अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर ते खत रद्द ठरवून जमीन परत द्यायचा आदेश देऊ शकतात. तालुक्याला सहायक निबंधकांकडंही तक्रार देता येते. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण चौकशीत पहिला प्रश्न पुरावा काय हाच असतो, आणि तुम्ही पुन्हा त्या पेटीपाशी येता. बँकेतून दिलेली रक्कम, फोनवरून पाठवलेले पैसे, एखादी चिठ्ठी, साक्षीदार, काही तरी हवं. व्याज रोख देण्यापेक्षा खात्यावरून द्या. पावती मागायची लाज वाटते ना, मग फोनच ती काढून देईल.

'गोदान' मिळाली तर वाचा. हिंदी अवघड वाटली तरी पन्नास पानांनंतर सवय होते. मधे मधे शहरातल्या बड्या लोकांच्या, प्रोफेसर मेहता आणि डॉक्टर मालती यांच्या लांबलचक चर्चा आहेत. कंटाळा आला तर ती पानं उलटा, बेलारीचं काही चुकत नाही. रायसाहेबांची पानं मात्र सोडू नका. जमीनदार असून तेही गळ्यापर्यंत कर्जात आहेत, निवडणूक आणि मुलीच्या लग्नापायी. नाकाचा खर्च मोठ्या वाड्यात मोठा एवढंच.

शेवटी होरीचं काय होतं? तीन वर्षांचा खंड थकतो, जमिनीवरून काढायची नोटीस येते. धाकट्या रूपाला तो रामसेवक नावाच्या, जवळजवळ स्वतःच्याच वयाच्या माणसाला देतो आणि त्याबद्दल दोनशे रुपये घेतो. दातादीनच हे जुळवून देतात. जमीन वाचते. होरी त्या दिवसानंतर मान वर करत नाही. तरी नातवाला दूध मिळावं म्हणून गाय घ्यायची, हे अजून डोक्यात आहेच. दिवसा तो रस्त्याच्या कामावर आठ आणे रोजानं मुरूम खणतो, रात्री दिव्याच्या उजेडात नवराबायको सुतळी वळतात. एके दुपारी ऐन उन्हाळ्यात कामावरच त्याला लू लागते. घरी आणतात. माणसं धनियाला सांगतात की आता गोदान करा, वेळ झाली.

घरात गाय नाही, वासरू नाही. सुतळी विकून आलेले वीस आणे आहेत. वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. आपल्याकडंही दक्षिणा सव्वा रुपयाचीच असते. धनिया यंत्रासारखी उठते, ते नवऱ्याच्या थंड हातावर ठेवते, आणि समोर उभ्या असलेल्या दातादीनना सांगते की महाराज, घरात हेच आहे, हेच ह्यांचं गोदान. होरीच्या रोजात मांडलं तर अडीच दिवसांची मजुरी. तीही दातादीननाच पोचली, बिनपावतीची.